समाजसेवेची आवड आणि समाजकार्याची पदवी

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी तीस वर्षं वैद्यकीय समाजकार्य केलं. त्यामुळे ओळखीपाळखीतले पालक हक्काने विचारतात, ‘मुलीला समाजसेवेची फार आवड आहे हो, कशाला घालू?’ मागे लातूरहून एका वडिलांचा असाच फोन आला. मुलगी हुशार, मनाने हळवी. वाटेत कुणी म्हातारं उपाशी दिसलं तर स्वतःचा डबा देऊन येते. समाजशास्त्र घेऊन बी. ए. करावं असं घरात जवळजवळ ठरलं होतं. नावातच ‘समाज’ आहे, तेव्हा वाट तीच असणार, हा त्यांचा हिशेब.

हा हिशेब चुकतो, आणि चुकल्याचं पाच वर्षांनी कळतं. आमच्या विभागात मदतीला येणाऱ्या एका मुलीने समाजशास्त्रात उत्तम गुणांनी एम. ए. केलं होतं. पुढे समाजसेवा अधीक्षकाची जागा निघाली, तेव्हा जाहिरातीत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितली होती. तिचा अर्ज छाननीतच बाजूला पडला. पुन्हा दोन वर्षं शिकायला घरची तयारी नव्हती. आज ती एका पतपेढीत आहे. समाजशास्त्र हा मोलाचा विषय आहे. समाज असा का चालतो, हे तो समजावतो. पण समोर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, कुठे थांबायचं, कोणाचं दार ठोठवायचं, याचं शिक्षण समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मिळतं. समाजसेवा कुणीही करावी. समाजकार्य मात्र शिकावं लागतं.

आपल्याकडे हे शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सुरू झालं. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. नंतर १९५५ मध्ये मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आली. आता विदर्भ-मराठवाड्यातही अशी महाविद्यालयं आहेत. बारावीनंतर बी. एस. डब्ल्यू. तीन वर्षांची, आणि नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता चौथ्या वर्षाचीही सोय होऊ लागली आहे. एम. एस. डब्ल्यू. दोन वर्षांची, आणि तिला साधारणपणे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. त्यामुळे बी. कॉम. झालेल्याने ‘गाडी चुकली’ असं म्हणायचं कारण नाही.

पण पदवीच्या नावाइतकंच मी एका गोष्टीकडे बघायला सांगते, ती म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थ्याने वस्तीत, रुग्णालयात, न्यायालयात किंवा बालगृहात काम करायचं, त्याचा अहवाल लिहायचा आणि पर्यवेक्षकाने तो वाचून त्यावर बोलायचं. मी स्वतः काय शिकले असेन तर ते इथेच.

पहिल्या वर्षी मला क्षयरोगाच्या वॉर्डात पाठवलं. १९८२ च्या गिरणी संपानंतरचे दिवस होते ते. काम गेलेल्या एका कामगाराची बायको भाड्याला पैसे नाहीत म्हणून रडत होती. मी पर्समधले दहा रुपये काढून दिले आणि अहवालात ते मोठ्या अभिमानाने लिहिलं. आमच्या बाईंनी समासात लाल शाईने एकच वाक्य लिहिलं : ‘पुढच्या आठवड्यात ती भाडं कुठून आणणार?’ मला राग आला. पण पुढच्या खेपेला मी तिच्याजवळ तासभर बसले. तेव्हा कळलं की नवऱ्याने याआधी दोनदा उपचार अर्धवट सोडले होते. जरा बरं वाटलं की तो कामाच्या शोधात जाई. शिवाय औषधासाठी इतक्या लांब येणं जमत नसे. तीच औषधं चाळीजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात मिळतात, हे त्या दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं. एक चिठ्ठी आणि दवाखान्यापर्यंत सोबत, एवढंच लागलं. माझ्या दहा रुपयांनी तो बरा झाला नसता.

नोकऱ्यांचं चित्र गुलाबी नाही, तेही सांगते. सरकारी जागा कमी आणि भरती संथ. संस्थांमधलं काम बहुधा प्रकल्पापुरतं. प्रकल्प संपला की पगार थांबतो. पण कायद्यांनी कामाची गरज वाढवली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आले. बाल न्यायाच्या कामात परिविक्षा अधिकाऱ्याला मुलाच्या घरची, शाळेची चौकशी करून अहवाल द्यावा लागतो. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी असतात. त्या योग्य माणसापर्यंत पोहोचवण्याची धडपड बहुतेक वेळा तिथला सामाजिक कार्यकर्ताच करतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक निधीतूनही कामं निघाली आहेत. यातलं कुठलं काम करायचं आहे, त्याची जाहिरात आधी शोधावी, त्यातली पात्रतेची ओळ वाचावी आणि मग प्रवेश घ्यावा. आपण नेमकं उलटं करतो.

लातूरच्या त्या वडिलांना मी पदवीचं नाव सांगितलं, महाविद्यालयाचं नाही. म्हटलं, इमारत बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, क्षेत्रकार्याला कुठे जाता, अहवाल कोण वाचतं?

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. एका ठिकाणी मुलांनी हसत सांगितलं, ‘काका, अहवाल वर्षाच्या शेवटी एकदम उतरवून काढायचे असतात.’ दुसऱ्या ठिकाणी एका मुलाने पिशवीतून वही काढून दाखवली. पानापानावर खुणा, प्रश्न, खोडाखोड. ‘मॅडम, पोरीने तिथंच फॉर्म भरला,’ ते म्हणाले. ‘फक्त एसटीने दीड तास लागतोय.’