क्लिकच्या आधीचे दिवस

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना माझं जे सारखं "म्हणजे, म्हणजे" होतं ते गाळलंय, बाकी जवळपास तसंच.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला अमरावतीला घरी होतो. सकाळी साडेसहाला गॅलरीत आलो तर खाली रस्ता झाडणाऱ्या मावशी, मागून कोवळं ऊन आणि उडालेली धूळ अक्षरशः सोनेरी. फोन काढला, झूम केलं, क्लिक, फिल्टर, पोस्ट. लाईक्स धपाधप. पुढच्या वेळी घरी आलो तेव्हा मावशी गेटपाशी भेटल्या. त्यांच्या पोरानं फोटो दाखवला होता. चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबू, इचारलं असतं तं पदर तरी नीट घेतला असता मी."

स्वतः झाडू घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांची समाधी आमच्याच शहरात. आणि मी हे केलं.

पोस्ट डिलीट केली, पण डोक्यात राहिलं: अशा माणसांचे फोटो काढणारे चांगले फोटोग्राफर नेमकं वेगळं काय करतात? शोधता शोधता आपल्या वऱ्हाडातलाच माणूस सापडला. सुधारक ओलवे. जन्म अकोल्याचा, १९८८ पासून मुंबईत वृत्तछायाचित्रकार, २०१६ला पद्मश्री. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं त्यांचं काम आधी बघा, मग पुढे वाचा. खरंच. सगळं ब्लॅक अँड व्हाइट. कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, गटारात उतरलेली माणसं, आणि त्यांची घरं, बायकापोरं.

मला अडकवलं ते या घरांनी. रस्त्यावरचा फोटो कोणीही लांबून काढू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत, लेकरं जवळ असताना कॅमेरा काढायचा तर आधी कोणीतरी "या, बसा" म्हणावं लागतं. आणि ते पहिल्या दिवशी कोणी म्हणत नाही. म्हणजे यांच्या प्रोसेसचा मोठा भाग क्लिकच्या आधीच होऊन जातो: जाणं, बसणं, चहा पिणं, परत जाणं. एकच विषय धरून वर्षानुवर्षं. याच कामाचं पुस्तक आलं २०१३ला. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा नवा कायदाही त्याच वर्षीचा. तरी गटारात माणसं मरायची थांबलेली नाहीत, म्हणून ते फोटो आजही जुने वाटत नाहीत.

आता थोडं टेक्निकल, कारण राहवत नाही. आपल्या फोनचा १x कॅमेरा साधारण २४ ते २६ एमएमच्या लेन्सएवढा, म्हणजे बऱ्यापैकी वाइड असतो. त्यात माणूस मोठा दिसायला हवा तर हातभर अंतरावर जावं लागतं, आणि तिथे गेलं की बोलावंच लागतं. मी झूम करून नेमकं तेच टाळलं होतं. कुठलाही फोटो बघताना एकदा विचारा, कॅमेरा किती लांब होता? फोटोग्राफर आणि समोरच्या माणसाचं नातं बऱ्याचदा तिथेच कळतं. रंगाचंही तसंच. माझ्या फोटोतलं सोनेरी काढून टाकलं तर उरते एक वाकलेली, पाठमोरी बाई. बस.

दुसरी गोष्ट निवडीची. रोलच्या काळात एका रोलवर ३६ फ्रेम. सगळ्या एका कागदावर छोट्या छोट्या छापायच्या, त्याला कॉन्टॅक्ट शीट म्हणतात, आणि भिंग घेऊन पेन्सिलीनं खुणा करत बसायचं. पूर्ण रोलमधून एखादी फ्रेम मिळाली तरी खूप. आपल्याकडे कोड रिव्ह्यू असतो ना, तसंच. फक्त इथे रिव्ह्यूअरपण आपणच, त्यामुळे जास्त अवघड. आपला फोन बर्स्टमध्ये ३६ फोटो चार सेकंदांत काढतो, आणि आपण पहिलाच टाकून मोकळे.

"पण मुंबईत विषय असतात बे, अमरावतीत काय आहे?" हा मेसेज मला नेहमी येतो. तर कोकणात कणकवलीला इंद्रजित खांबे नावाचा फोटोग्राफर आहे. गाव अमरावतीपेक्षा कितीतरी छोटं. त्यानं आपल्याच भागातले दशावतारी कलाकार धरले, आणि मोबाईलवर काढलेल्या फोटोंसाठीही तो ओळखला जातो. माझ्या मते लांबच्या विषयापेक्षा हे कठीण, कारण फोटो आवडला नाही तर माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो.

मला तर गेटपाशीच भेटला.

गेल्या डिसेंबरात आठवडाभर घरी होतो. मावशींचा आठ वाजता चहा असतो, तिथे जाऊन बसायचो. फोन घरी. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "मंग, काहाडत नाही का आता फोटो?" झाडू घेऊन नको म्हणाल्या. रविवारी घरी बोलावलं. ठेवणीतलं लुगडं, शेजारी नात, दोघी भिंतीला टेकून ताठ उभ्या, नजर थेट कॅमेऱ्यात. लाईट सपाट, मागे कॅलेंडर. राजकमल चौकाजवळ प्रिंट काढून नेऊन दिली. पोस्ट केलेला नाही, त्यामुळे दाखवायला मागू नका.