मखरासाठी ब्रॅड नेलर : कोणता घ्यावा, कसा वापरावा



श्रावण लागला की इंदुरात आपल्या घरोघरी मखराची बोलणी सुरू होतात. पूर्वी थर्माकोलचे तयार मखर आणले की काम भागायचे. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली, आणि आपल्यातल्या बऱ्याच कुटुंबांनी प्लायवूडचे, वर्षानुवर्षे टिकणारे मखर घरीच करायला घेतले. या दिवसांत मिस्त्री काही सापडत नाही. सापडलाच, तर त्याच्या हातातली ‘गन’ पाहून घरातल्या कोणाला तरी वाटते, आपणही एक घेऊन टाकावी. गेल्या दोन वर्षांत मंडळात हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला, की एकदा नीट लिहूनच टाकावे असे ठरले.

ही गन करते काय?

सुतार बारीक खिळ्यांना ‘चुका’ म्हणतात. ब्रॅड नेलर म्हणजे अशा चुका एका झटक्यात ठोकणारे यंत्र. यात बहुधा १८ गेजचा खिळा लागतो. त्याची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर आणि डोके अगदी लहान. खिळा लाकडात किंचित आत बसतो, वर उरलेले भोक पुट्टीने भरून रंग दिला की दिसतही नाही. हातोडीने इतका बारीक खिळा ठोकायचा तर तो वाकतो, पट्टी सरकते, कधी चिरते. नेलर असला की एका हाताने पट्टी धरायची आणि दुसऱ्याने चाप ओढायचा.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी. सांधा धरतो तो फेविकॉल. खिळा फक्त तो वाळेपर्यंत पट्टी जागेवर ठेवतो. क्लॅम्प लावून रात्रभर थांबण्याऐवजी चार चुका मारून आपण पुढच्या कामाला लागतो, एवढाच त्याचा फायदा. सरस न लावता नुसत्या चुकांवर उभे केलेले मखर पहिल्या वर्षी छान दिसते, दुसऱ्या वर्षी माळ्यावरून काढताना हलू लागते.

तीन प्रकार

*हवेवर चालणारा :* सर्वांत हलका आणि यंत्रापुरते पाहिले तर सर्वांत स्वस्त. मात्र कॉम्प्रेसर लागतो. एका खिळ्याला हवा थोडीच लागते, त्यामुळे घरकामाला लहान टाकीचा कॉम्प्रेसर पुरतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्याचा आवाज आधी दुकानातच ऐकावा. शेजारधर्म सांभाळायचा असेल तर तेलविरहित, कमी आवाजाचा घ्यावा आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळावी.

*विजेच्या वायरवर चालणारा :* कॉम्प्रेसरची कटकट नाही, पण ताकद कमी. मऊ लाकडात आणि पातळ पट्टीत ठीक चालतो. सागवानात किंवा चांगल्या जाड प्लायमध्ये खिळा अर्धा बाहेर राहू शकतो.

*बॅटरीवर चालणारा :* वायर नाही, नळी नाही. पण हाताला जड आणि किमतीलाही जड. त्याच कंपनीची बॅटरी तुमच्या ड्रिलला आधीपासून असेल तर मात्र विचार करण्यासारखा.

वर्षातून एकदा मखर आणि अधूनमधून फोटोफ्रेम करायची असेल तर विकत घेण्याआधी ओळखीत कोणाकडे आहे का पाहावे. दर महिन्याला काही ना काही करणाऱ्यांनी हवेवरचा घ्यावा.

दुकानात ‘एफ-३०’ आणि ‘एफ-५०’ ही नावे ऐकू येतील. हा आकडा म्हणजे त्या यंत्रात चालणारा सर्वांत लांब खिळा, मिलिमीटरमध्ये. मखर, फ्रेम, बीडिंग यांना एफ-३० पुरतो. १८ मिलिमीटर प्लायची खोकी किंवा कपाटे करणार असाल तर एफ-५० बघा.

घेताना तीन गोष्टी तपासा. नाकाशी सुरक्षा-टोक आहे का, म्हणजे ते लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही ना? स्वस्त मॉडेलांत ते नसूही शकते. तसे यंत्र घरात आणू नये. दुसरे, अडकलेला खिळा काढायला नाक सहज उघडते का? तिसरे, खिळा किती खोल जावा हे बदलता येते का?

खिळ्याची लांबी

जी पट्टी ठोकायची तिच्या जाडीच्या साधारण तिप्पट लांबीचा खिळा घ्यावा. ६ मिलिमीटरची पाठ चौकटीवर लावायची तर १८-२० मिलिमीटर. १२ मिलिमीटरच्या प्लायला तिप्पट म्हणजे ३६ होतात, पण भरपूर फेविकॉल असेल तर ३० चा खिळा चालतो. खालच्या लाकडाची जाडीही मोजा, नाहीतर टोक पलीकडून बाहेर येईल आणि आरास करताना कोणाच्या तरी हाताला लागेल.

वापरण्याची रीत

१. हवेच्या नेलरमध्ये काम सुरू करण्यापूर्वी हवेच्या तोंडातून एअर टूलचे दोन-तीन थेंब तेल सोडावे. ज्या यंत्रावर तेल नको असे लिहिले असेल, त्यात नाही.

२. दाब ६०-७० पीएसआयपासून सुरू करावा. त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर दोन-चार खिळे मारून पाहावेत. डोके वर राहिले तर दाब थोडा वाढवावा, फार आत गेले तर कमी करावा. यंत्रावर छापलेल्या कमाल दाबाच्या वर कधीही जाऊ नये.

३. फेविकॉल लावून पट्टी बसवावी, गुण्याने काटकोन पाहावा, मगच खिळा मारावा. खिळा मारल्यावर काटकोन सुधारत नाही.

४. टोकापासून निदान २० मिलिमीटर आत यावे. लाकूड चिरू नये म्हणून खिळे एकाच रेषेत ओळीने न मारता थोडे मागेपुढे मारावेत.

५. खिळा चुकला तर डोके उपटू नये, वरचा पृष्ठभाग खराब होतो. टोक मागून निघाले असेल तर पक्कडीने मागूनच ओढून काढावे.

६. पावसाळी हवेत फेविकॉल वाळायला वेळ लागतो. चुका मारल्या म्हणून लगेच उभे करून भार देऊ नये, रात्रभर राहू द्यावे. काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी काढून टाकावे, नाहीतर आतून गंज चढतो.

हात सांभाळा

हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो, पण लिहायलाच हवे. गेल्या वर्षी आमच्यापैकी एकाने मखराच्या खांबाला बीडिंग लावताना डावा अंगठा पट्टीच्या कडेला अगदी जवळ धरला होता. खिळा आत एका गाठीला लागला, वळला आणि बाजूने निघून अंगठ्यात शिरला. हाड थोडक्यात वाचले. यंत्रात काही बिघाड नव्हता. बारीक खिळा गाठीला किंवा लाकडाच्या आडव्या तंतूंना लागला की असाच वळतो, हे आम्हाला ठाऊक होते. घाई झाली होती, एवढेच.

तेव्हापासून आमचा नियम असा : खिळा जितका लांब, त्याहून जास्त अंतरावर दुसरा हात. लहान तुकडा असेल तर हाताने न धरता क्लॅम्पने धरावा. डोळ्यांवर गॉगल हवाच, कानाला संरक्षण असले तर उत्तम. खिळे भरताना, अडकलेला काढताना किंवा चहाला उठतानाही आधी हवेची नळी किंवा बॅटरी काढावी. चापावर बोट ठेवून यंत्र घेऊन फिरू नये. मखराच्या कामात मुले भोवती असतातच. त्यांना फेविकॉल लावणे, पॉलिश पेपर घासणे, रंग देणे ही कामे द्यावीत, गन नाही.

तरीही खिळा लागलाच तर तो घरी ओढून काढू नये. स्वच्छ कापड लावून थेट रुग्णालयात जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे. जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण खोल असते.

कुठे वापरू नये

ज्यावर माणूस बसेल, उभा राहील किंवा टांगेल, अशा कशालाही ब्रॅड नेलर नाही. पाट, स्टूल, पाळणा, पुस्तकांची फळी, नाटकाच्या रंगमंचाची चौकट, या सगळ्यांना स्क्रू किंवा बोल्टच. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत हे खिळे जात नाहीत, उलटून अंगावर येऊ शकतात. आणि मखराचे जे सांधे दरवर्षी उघडायचे, तिथेही चुका नकोत. बोल्ट आणि हाताने फिरवायचे विंग नट लावावेत. पाठ, खांबांवरचे बीडिंग, कमानीची नक्षी, म्हणजे कायम राहणारे भाग, तेवढेच नेलरचे काम.

शेवटी एवढेच, की गन हाती आली म्हणून सुतारकाम येत नाही. मोजणे, कापणे, काटकोन पाहणे हे आधी यावे लागते, आणि ते अजूनही मिस्त्रीकडूनच शिकावे. पुढच्या रविवारच्या बैठकीत मंडळाचा नेलर आणि काही टाकाऊ प्लाय आम्ही आणून ठेवू. ज्यांना घेण्याचा विचार आहे त्यांनी आधी तिथे दहा खिळे मारून पाहावेत. गॉगल मात्र आपापला आणावा.