ताऱ्याची सही

एखादा तारा फुटतो तेव्हा काही दिवस तो आपल्या अख्ख्या दीर्घिकेशी बरोबरी करू पाहतो. पण फुटणारा प्रत्येक तारा खगोलशास्त्रज्ञांच्या कामाचा नसतो. त्यांना हवा असतो तो ‘प्रकार १ अ’, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेच्या, सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या, आसपास पोचून फुटतो असे मानला जाणारा श्वेतबटू. अशा स्फोटांची खरी तेजस्विता जवळजवळ सारखी. म्हणून तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. याच हिशेबातून १९९८ साली कळले, की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे.

मग प्रश्न आला खात्रीचा. बँकेत उमेदीची वर्षे गेलेल्या माणसाला तो चटकन उमगतो. रक्कम कितीही मोठी असो, आधी सही नमुन्याशी ताडून पाहायची. तोतया खपला तर अंतर चुकते आणि विश्वाचा ताळेबंदही चुकतो. ताऱ्याची सही असते त्याच्या वर्णपटात. हायड्रोजनच्या रेषा दिसल्या, तर तो प्रकार २; बाद. दिसल्या नाहीत तरी भुलायचे नाही, कारण हायड्रोजन नसलेले दुसरे स्फोटही असतात. ६१५० अँगस्ट्रॉमपाशी सिलिकॉनची खोल दरी असेल तरच शिक्का मारायचा.

पण फार दूरच्या ताऱ्याची ही दरी प्रसरणामुळे ताणली जाऊन अवरक्तात सरकते आणि तिथे आपले वातावरणच रात्री चमकत असते. तेव्हा वर्णपटलेखक अवकाशातच न्यायला हवा. सॉल पर्लमटर यांच्या बर्कलेच्या गटाने त्यासाठी ‘स्नॅप’ ही सुमारे दोन मीटर आरशाची दुर्बीण सुचवली. वर्णपटलेखकाचा आराखडा फ्रेंच मंडळींनी केला.

नेहमीच्या वर्णपटलेखकाला बारीक फट असते. ठिपका फटीत नेमका बसला नाही, तर प्रकाश वाया जातो, आणि इथे तर प्रकाशाची चणचण. त्यांची तोड अशी : अरुंद आरशांनी चित्राच्या, वड्या पाडाव्यात तशा, पट्ट्या पाडायच्या, त्या एका रांगेत मांडायच्या आणि लोलकातून पसरवायच्या. तारा कुठल्याही पट्टीत असो, सापडतोच. शिवाय त्याच्या दीर्घिकेचा वर्णपटही त्याच वेळी हाती येतो. फार बारीक भेद दाखवणारे यंत्र त्यांनी मागितलेच नाही. स्फोटातले द्रव्य सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या घरात वेगाने उडते, त्यामुळे रेषा मुळातच रुंद असतात. मग शंभराच्या आसपासची विभेदनक्षमता पुरते. प्रकाश कमी फाकवला, की तो विरळही कमी होतो. हा काटकसरी हिशेब मला फार आवडला.

‘स्नॅप’ उडालेच नाही. पर्लमटर यांना २०११ साली दोघांसह नोबेल मिळाले, ते १९९८ च्या शोधाबद्दल. पुढे हे काम नासाच्या नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीकडे सोपवले गेले. तिच्यात लोलक आहे. आरशांचे ते काप मात्र नाहीत.