नोंदसंदेश व दोषसंदेश, संगणकीय

संगणकाची आज्ञावली चालू असताना घडणाऱ्या घटनांची आणि उद्‌भवणाऱ्या दोषांची माहिती देणारी जी संक्षिप्त विधाने ती आज्ञावली स्वतःच निर्माण करते, त्यांना अनुक्रमे नोंदसंदेश व दोषसंदेश असे म्हणतात. अशा संदेशात सामान्यतः घटनेची वेळ, संगणकाचे व आज्ञावलीचे नाव, घटनेचे गांभीर्य आणि तिचे वर्णन एवढ्या बाबी असतात. कालानुक्रमे साठविलेल्या संदेशांच्या फाइलीस ‘लॉग’ ही संज्ञा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी पूर्वी दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका (लॉग) समुद्रात टाकीत असत. त्या वेगाची नोंद ज्या वहीत होई तिलाही पुढे हेच नाव मिळाले व तेथून ते संगणकविद्येत आले.

मोठ्या प्रणालीत निर्माण होणारे सर्व संदेश वाचणे कोणासही शक्य नसते. त्यामुळे प्रत्येक संदेश कोठे पाठवावयाचा (मार्गनिर्धारण) आणि कोणता वगळावयाचा (गाळण) हे आधीच ठरवावे लागते. ही योजना सदोष असल्यास दोन प्रकारे हानी होते : महत्त्वाचा संदेश योग्य ठिकाणी पोहोचत नाही, किंवा तो पोहोचूनही क्षुल्लक संदेशांच्या गर्दीत दुर्लक्षिला जातो.

प्रवाहांचे विभाजन : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीत [⟶ संगणक] १९७० नंतरच्या दशकात या प्रश्नाचे एक साधे उत्तर रूढ झाले. तीत प्रत्येक आज्ञावलीस तीन प्रवाह मिळतात : ० क्रमांकाचा आदान प्रवाह, १ क्रमांकाचा प्रदान प्रवाह आणि २ क्रमांकाचा दोष प्रवाह. आज्ञावलीचे फलित फाइलीकडे अथवा दुसऱ्या आज्ञावलीकडे वळविले, तरी दोषसंदेश स्वतंत्र प्रवाहातून पडद्यावर येत राहतात. त्यामुळे फलितात दोषसंदेशांची भेसळ होत नाही व वापरणाऱ्यास दोष तत्काळ कळतो.

सिसलॉग : पडद्यासमोर कोणीही बसलेले नसताना अखंड चालणाऱ्या आज्ञावलींसाठी एवढी सोय अपुरी पडते. एरिक ऑलमन यांनी १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सेंडमेल या टपाल-आज्ञावलीसाठी सिसलॉग ही व्यवस्था तयार केली. तीत आज्ञावली केवळ संदेश देते; त्याचे पुढे काय करावयाचे ते एक स्वतंत्र आज्ञावली नियमांच्या फाइलीवरून ठरविते. यामुळे मूळ आज्ञावलीत फेरफार न करता संदेशांचा मार्ग बदलता येतो. हेच तत्त्व पुढील बहुतेक व्यवस्थांचा पाया ठरले.

प्रत्येक संदेशास उगम-विभाग आणि गांभीर्य असे दोन अंक जोडलेले असतात. गांभीर्याच्या आठ पायऱ्या आहेत : ० आणीबाणी, १ तातडी, २ संकट, ३ दोष, ४ इशारा, ५ लक्षणीय घटना, ६ माहिती व ७ दोषशोधन. अंक जितका लहान तितके गांभीर्य अधिक. विभागाच्या अंकास ८ ने गुणून त्यात गांभीर्याचा अंक मिळविला म्हणजे अग्रक्रमांक मिळतो. उदा., टपाल विभागाचा अंक २ असल्याने त्यातील दोषाचा अग्रक्रमांक २ × ८ + ३ = १९ होतो. नियमात विभाग, गांभीर्याची मर्यादा आणि गंतव्यस्थान सांगितलेले असते. फाइल, व्यवस्थापकाचा पडदा किंवा जाळ्यावरील दुसरा संगणक यांपैकी कोणतेही गंतव्यस्थान असू शकते. या प्रचलित पद्धतीचे वर्णन २००१ साली इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत प्रसिद्ध झाले व २००९ मध्ये तिचे प्रमाणित रूप निश्चित करण्यात आले.

गाळणाची स्थाने : संदेश उगमाशी, वाटेत किंवा वाचनाच्या वेळी गाळता येतो. उगमाशी गाळल्यास संगणकाचा वेळ व साठवणीची जागा वाचते. परंतु वगळलेला संदेश पुन्हा मिळविता येत नाही, आणि पुष्कळदा दोषाचे मूळ शोधताना नेमका तोच हवा असतो. वाचनाच्या वेळी गाळल्यास काहीच गमावत नाही, पण साठवणीचा खर्च वाढतो. म्हणून सामान्यतः दोषशोधनाचे संदेश उगमाशी बंद ठेवून गरजेपुरते चालू करतात व इशाऱ्यापासून वरचे सर्व संदेश जतन करतात. एकच संदेश वारंवार आल्यास तो एकदाच लिहून किती वेळा आला तेवढे नमूद करण्याचीही पद्धत आहे.

सदोष योजनेचे परिणाम : कर्करोगावरील किरणोपचारासाठी वापरलेल्या थेरॅक–२५ या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रारण मिळाले व त्यांतील काही दगावले. मूळ दोष आज्ञावलीत व सुरक्षा-योजनेत होता. तथापि यंत्राच्या पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ यांसारखे, अर्थबोध न होणारे संदेश दिसत. किरकोळ कारणांनी असे संदेश वरचेवर येत असल्याने ते बाजूस सारून एक कळ दाबून उपचार पुढे चालू ठेवण्याची चालकांना सवय झाली होती. संदेश योग्य ठिकाणी पोहोचला, पण त्याचे गांभीर्य पोहोचले नाही.

याउलट ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून सोडलेल्या एरियान–५ अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात संदेशाचे ठिकाणच चुकले. दिशादर्शक उपकरणातील संगणकात ६४ बिटांच्या संख्येचे १६ बिटांच्या संख्येत रूपांतर होऊ शकले नाही व तो बंद पडला. त्याने पाठविलेला दोषनिदर्शक बिटसमूह मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून स्वीकारला आणि त्यानुसार नलिका वळविल्या. सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

सुरक्षितता व गोपनीयता : नोंदींत परवलीचे शब्द, पत्ते यांसारखी खाजगी माहिती शिरू शकते. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीने आपल्या ग्राहकांचे परवलीचे शब्द अंतर्गत नोंदीत उघड स्वरूपात लिहिले गेल्याचे जाहीर करून ते बदलण्याचा सल्ला दिला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी करणाऱ्या लोकप्रिय आज्ञावलीतील गंभीर उणीव उघडकीस आली. बाहेरून आलेला मजकूर नोंदविताना त्यातील विशिष्ट चिन्हरचना ती आज्ञा समजून अमलात आणीत असे. त्यामुळे परक्यास संगणकाचा ताबा मिळविता येई. नोंदावयाचा मजकूर केवळ मजकूर म्हणूनच हाताळला पाहिजे, हे यावरून स्पष्ट झाले.

नोंदी हा घुसखोरीचा पुरावाही असतो. भारतात ‘सर्ट-इन’ या केंद्र शासनाच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक केले. अतिरिक्त गाळणाने पुरावा नाहीसा होतो, तर गाळण मुळीच नसल्यास गोपनीयतेचा भंग होतो. त्यामुळे कोणत्या नोंदी ठेवाव्यात व त्या कोणास दिसाव्यात, हा निर्णय केवळ तांत्रिक न राहता प्रणालीच्या वापरासंबंधीच्या जबाबदारीचाच भाग ठरतो.