दुधाचा दात : जागेचा राखणदार



"दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडणारच," असे मी चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीला ठामपणे सांगितले होते. नात तेव्हा सात वर्षांची होती. खालची दाढ किडली होती आणि पोर रात्र-रात्र रडायची. दाढ काढली, रडणे थांबले, आम्हीही विसरलो. आता नात अकरा वर्षांची आहे. त्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताला जागाच उरली नाही, म्हणून तो जिभेच्या बाजूला वाकडा उगवला आहे.

असे का झाले, ते डॉक्टरांनी समजावले. दुधाचे दात वीस असतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडू लागतात, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. खालून येणाऱ्या दातासाठी त्या जागा राखून ठेवतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आया-आज्या तिलाही दुधाचीच समजतात. पुढची दाढ लवकर काढली, की ही मागची दाढ पुढे सरकते आणि जागा बळकावते.

दाढ काढणे भाग पडले, तर त्या जागी तारेची एक छोटी पट्टी बसवता येते. हिब्रूत तिला 'शोमेर माकोम' म्हणतात, म्हणजे जागेचा राखणदार. मी तेव्हा हे विचारलेच नाही.

दात वाकडे होण्याचे हे एकच कारण नव्हे. जबडा लहान आणि दात मोठे, ही ठेवण आईवडिलांकडून येते. चार वर्षांनंतरही अंगठा चोखत राहिल्याने वरचे दात पुढे येतात. प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोचत नाही, कीड लागते, हिरड्या सुजतात. पुढे आलेले दात पडल्या-झडल्यावर पटकन तुटतात.

इथे इस्राएलमध्ये आपली सोय चांगली आहे. मुलांचे दंतोपचार 2010 पासून सरकारी आरोग्य योजनेत टप्प्याटप्प्याने आले आणि आता अठरा वर्षांपर्यंत मिळतात. तपासणीला पैसे पडत नाहीत, दात भरायला ठरावीक थोडी रक्कम द्यावी लागते. आपल्या कुपात होलिमला फोन करून घराजवळचे दवाखाने विचारा. दात सरळ करणे, म्हणजे 'यिशूर शिनायिम', मात्र सहसा या योजनेत बसत नाही. कुपाच्या पूरक विम्यात सवलत किती आणि किती महिने थांबावे लागते, हे आधीच विचारून घ्या. उपचार करणारे डॉक्टर या विषयातले तज्ज्ञ आहेत का, तेही विचारा. लाजू नका. एकूण खर्च लेखी मागा.

मूल सात वर्षांचे झाले, की दुखत नसले तरी एकदा दाखवून या. जबडा वाढत असतो, तोवर पुष्कळ गोष्टी सोप्या असतात.

नातीला पुढच्या महिन्यात तारा बसतील. "आजी, तू माझ्याबरोबर येशील ना?" असे तिने विचारले. जाणार आहे. आणि या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेणार आहे.