'नॉर्मल' म्हणजे नेमकं काय? मोठेपणी लक्षात येणारा एडीएचडी

मुलाच्या तपासणीसाठी तुम्ही आलेले असता. डॉक्टर एडीएचडीची लक्षणं एकेक करून विचारतात आणि तुमच्या मनात येतं, "अरे, मीही असाच होतो!" असं अनेक पालकांच्या बाबतीत घडतं, कारण एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

हा आळस नाही

"हुशार आहे, पण धांदरट" हे तुम्ही लहानपणापासून ऐकलेलं असतं. वीजबिल भरायचं राहतं, गॅसवर ठेवलेलं दूध उतू जातं, कामं अर्धवट पडतात. लक्ष टिकवणं, काम वेळेत सुरू करणं याचं नियमन तुमच्या मेंदूत वेगळ्या पद्धतीने होतं. म्हणूनच आवडत्या कामात तुम्ही तासन्‌तास रमता.

चारचौघांसारखं दिसण्याची किंमत

अनेकजण ही अडचण लपवायला शिकतात. रात्री जागून काम पुरं करतात, प्रत्येक गोष्ट दहा वेळा तपासतात. बाहेरून सगळं 'नॉर्मल' दिसतं. आतून मात्र थकवा, चिंता, कधी नैराश्य येतं. शांत, स्वप्नाळू मुलींमध्ये तर हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

निदान कसं होतं?

रक्ततपासणी किंवा एमआरआयने एडीएचडी कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर माहिती घेतात. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून आहेत का आणि घर, काम अशा एकापेक्षा अधिक ठिकाणी त्रास होतो का, हे पाहतात. अपुरी झोप, थायरॉइडचे आजार, नैराश्य यांमुळेही लक्ष लागत नाही. म्हणून इंटरनेटवरची प्रश्नावली सोडवून स्वतःच निदान करू नका.

मग 'नॉर्मल' कशाला म्हणायचं?

औषधं आणि समुपदेशनाने त्रास बराच कमी होतो. पण तुम्हाला दुसऱ्या कुणासारखं बनवणं हा उपचाराचा हेतू नसतो. चष्मा लावणाऱ्याला आपण कमी लेखत नाही. तसंच मोबाइलचा अलार्म, दाराजवळ किल्ल्यांसाठी खुंटी, बिलांसाठी ऑटो-पे या तुमच्या गरजेच्या सोयी आहेत. "मी इतरांसारखा का नाही?" यापेक्षा "माझा दिवस कशाने सुरळीत जातो?" हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. तुम्ही स्वतःला हा प्रश्न विचारू लागलात, की मुलालाही तो विचारता येईल.

सतत उदास वाटत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला.