पाच महिने झाले, तरी तलंग अंड्यावर का येत नाही?

जूनच्या सुरुवातीला आणलेली पिल्ले दिवाळीपर्यंत अंगाने भरतात, पिसे चकाकू लागतात आणि घरातली मुले रोज सकाळी खुराड्यात डोकावू लागतात. अंडे मात्र नसते. वारज्याच्या गावठाणात, माळवाडीत किंवा बंगल्यामागच्या मोकळ्या पट्टीत चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांना हे नवे नाही. महिनाभर वाट पाहून ‘ही वांझच निघाली’ असा निकाल दिला जातो आणि रविवारी रस्सा शिजतो. हा निकाल बहुतेकदा घाईचा असतो.

पिल्लू नक्की कोणते होते?

‘पाच महिन्यांत अंडी’ हा हिशेब येतो पिंजऱ्यातल्या व्यावसायिक लेअर कोंबड्यांवरून. त्या १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, कारण त्यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच झाली आहे. परसातल्या जातींचे घड्याळ वेगळे असते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया साडेपाच महिन्यांच्या आसपास सुरू होते, तिथलीच वनराजा सहाव्या महिन्याच्या अखेरीस. कडकनाथलाही सहा महिने लागतात. अस्सल गावरान तलंग तर सातवा महिनाही गाठते. पिल्ले घेतानाच जात आणि उबवणीची तारीख विचारून ठेवावी. खडकीच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणी ती कळू शकते, आठवडी बाजारात सहसा नाही.

चौकात टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले विकायला बसतात, त्यांच्याकडून तर अंड्यांची अपेक्षाच नको. ती बहुतांश लेअर हॅचरीतून बाजूला काढलेली नर पिल्ले असतात.

दिवस लहान, अंडी उशिरा

जात योग्य आणि वयही झालेले, तरी अंडे नाही. अशा वेळी पुण्यात पहिला संशय कॅलेंडरवर घ्यावा. कोंबडीला उजेड फक्त डोळ्यांनी कळत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश तिच्या मेंदूतल्या पेशी थेट टिपतात. दिवस मोठा होत चालला की मेंदू संप्रेरके सोडतो, अंडाशय जागे होते आणि तुरा लाल होतो. दिवस आखडू लागला की हे काम रेंगाळते. भरपूर अंड्यांसाठी रोज १४ ते १६ तास उजेड लागतो.

पुण्यात २१ जूनच्या सुमारास दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, २१ डिसेंबरला जेमतेम अकरा तासांचा. जूनच्या मध्यावर उबलेले पिल्लू २४ आठवड्यांचे होते ते नोव्हेंबरच्या अखेरीस, म्हणजे नेमके दिवस सर्वांत लहान होत असताना. त्याची सगळी वाढ आखडत्या दिवसांत झालेली असते. अशी तलंग संक्रांतीनंतर, दिवस वाढू लागल्यावर सुरू झाली तर त्यात तिचा दोष नाही. डिसेंबरच्या अखेरीस उबलेल्या पिल्लाचे उलट होते. त्याला चढता उजेड मिळतो; फक्त एप्रिल-मेच्या उन्हात सावली आणि गार पाणी सांभाळावे लागते.

उपाय स्वस्त आहे. खुराड्यात वर्तमानपत्र जेमतेम वाचता येईल इतका उजेड देणारा एक छोटा एलईडी बल्ब पुरतो. तो पहाटे लावावा. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात दांडीखालीच अडकतात. उजेड एकदम नव्हे, दर आठवड्याला अर्धा तास वाढवावा आणि वीस आठवड्यांच्या आत तर अजिबात नको. शरीर तयार नसताना ढकललेली तलंग बारीक अंडी घालते, कधी तिचे आतडे-गर्भनलिका बाहेर येण्याचा धोकाही असतो. एकदा दिलेला उजेड पुन्हा कमी करू नये.

पोळीचे तुकडे आणि उरलेला भात

घरच्या कोंबड्यांचे पोट भरलेले असते, पण प्रथिनांची तूट राहते. अंड्यावर येणाऱ्या तलंगेच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने हवीत; भात आणि पोळीत ती याच्या बरीच खाली असतात. शिळे अन्न हा खाऊ समजावा आणि रोजचे जेवण म्हणून ग्रोअर खाद्य द्यावे. कॅल्शियमचे लेअर खाद्य मात्र तुरा लाल होईपर्यंत नको, लहान वयात त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. ब्रॉयलरचे खाद्य घातले तर तलंग नुसती चरबी धरते.

यात जंतांची भर असतेच, शिवाय जागा बदलणे, नवी कोंबडी आणून सोडणे, भटक्या मांजराची रात्रभर घिरटी. खुराड्याशेजारी फुटलेली दिवाळीची माळही तिला काही दिवस मागे नेते.

ती आधीच अंडी घालत असेल तर?

हेही तपासावे. मोकळ्या सोडलेल्या तलंगा विटांच्या ढिगामागे किंवा कर्दळीच्या बुंध्याशी अंडी लपवतात आणि मुंगूस ती फस्त करते. दोन-तीन दिवस दुपारपर्यंत कोंडून ठेवले की खरे काय ते कळते. पाठीवर हात ठेवताच तलंग दबून बसू लागली, किंवा शेपटीखालची दोन हाडे दोन-तीन बोटे रुंद झाली, तर अंडे जवळ आले आहे. लाल तुरा हीसुद्धा खूण आहे, पण कडकनाथचा तुराच काळपट असल्याने तिथे ती फारशी कामाची नाही.

आठ महिने उलटूनही काहीच नसेल तर पशुवैद्यकाला दाखवावे. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पिल्लूपणी संसर्गजन्य ब्राँकायटिस झाला असेल तर गर्भनलिका कायमची बिघडते. अशी तलंग धट्टीकट्टी दिसते, घरट्यात जाऊन बसतेही, पण अंडे बाहेर येत नाही.

बाकीच्यांची पहिली अंडी सुपारीपेक्षा थोडी मोठी, कधी बिनकवचाची, कधी दोन बलकांची निघतात. काही आठवड्यांत ती आपोआप सुधारतात. तोवर शिंपल्याच्या चुऱ्याची वाटी भरलेली ठेवावी.